दिवाडी बेटावर मर्डर मिस्ट्री डिनर करायचंय? आधी हे वाचा

सुरुवातीलाच सांगते, मी काही इव्हेंटवाली नाही. डिचोलीची आहे, पणजीत नोकरी करते, आणि लहानपणी बाबांच्या जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलंय, एवढंच काय ते क्वालिफिकेशन. पण दिवाडीला तीन वेळा हा प्रकार केलाय, पहिल्यांदा सपशेल पडला, दुसऱ्यांदा अर्धा जमला आणि तिसऱ्यांदा लोक रात्री दोन वाजेपर्यंत एकमेकांवर बोटं दाखवत बसले होते, म्हणून आता मित्रमंडळीत कोणालाही करायचं झालं की फोन मलाच येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी: आठ-दहा जण जेवायला जमतात, प्रत्येकाला एक पात्र दिलेलं असतं, जेवणाच्या आसपास त्यातला एक जण "मरतो" आणि बाकीच्यांनी झोपायच्या आत खुनी शोधायचा. कॉलेजात माफिया खेळला असालच. तो खेळ १९८६ मध्ये मॉस्कोत दिमित्री दाविदोव नावाच्या सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्याने काढला, आणि त्यात पुरावा असा काही नसतोच, नुसते आरोप आणि चेहरे वाचणं. इथे पुरावा लागतो, त्यामुळे तयारी दहापट. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर हे दशावतारासारखं आहे. आख्यान पक्कं ठरलेलं, पण संवाद कोणी लिहून देत नाही, रंगपटातून बाहेर आल्यावर ज्याचं त्याने बोलायचं. तुम्ही सूत्रधार.

१. बेट निवडा, पण खरंच अडकता येईल असं

नेटवर रेडिमेड स्क्रिप्ट मिळतात, त्यात बर्फाचं वादळ असतं, बटलर असतो, लॉर्ड असतो. आपल्या मंडळींना हसू येतं. गोव्यात अडकायला वादळ लागत नाही, शेवटची फेरीबोट चुकली की झालं.

दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि आमच्या नार्व्याहून अशा तीन बाजूंनी फेरी आहे, बस्स. चोडणसुद्धा सुंदर आहे आणि रायबंदरहून फेरीनेच जातात, पण मयेच्या बाजूने रस्त्याने बाहेर पडता येतं, त्यामुळे तिथे कोणीतरी हुशार पाहुणा जेवणाच्या टेबलावर म्हणतोच की मग खुनी गाडी काढून मयेवरून गेला असेल. संपला खेळ. म्हणून दिवाडीच. (आमचं सप्तकोटेश्वराचं मूळ स्थानही दिवाडीलाच, तिथून देव नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ पुन्हा बांधायला लावलं. म्हंजे नदी ओलांडून पळण्याची परंपरा जुनी आहे.)

शेवटची फेरी कितीची ते त्या दिवशी धक्क्यावर, फेरीवरच्या माणसाला तोंडी विचारा. नेटवर दिसलेल्या वेळेवर विसंबू नका. आणि सगळे पाहुणे रात्री तिथेच झोपणार हे आधीच ठरवून घ्या, खोल्या तशा बुक करा. दोन पेग मारून शेवटची फेरी पकडायला स्कूटर हाणणारा पाहुणा हा त्या रात्रीतला एकमेव खरा धोका असतो.

२. तारीख आणि माणसं

माणसं आठ ते दहा. सहाच्या खाली संशयित कमी पडतात, बाराच्या वर गेलात की तीन जण कोपऱ्यात बसून मोबाईल बघतात.

तारीख ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात वातावरण भन्नाट असतं हे खरं, मी पहिला प्रयोग जुलैतच केला, पण कौलांवर पाऊस असा कोसळत होता की टेबलाच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू येत नव्हतं आणि साक्षी-जबान्या सगळ्या ओरडून झाल्या. ऑगस्टचा चौथा शनिवार तर अजिबात नको, त्या दिवशी बोंदेरा (दिवाडीचा झेंड्यांचा उत्सव) असतो आणि फेरीला रांग कुठवर जाते ते विचारू नका.

पाहुण्यांत निदान दोन बडबडे हवेत आणि एक जण असा हवा की ज्याला हिशेब ठेवायची सवय आहे. अकाउंटंट, शिक्षक, बँकवाले उत्तम. नवरा-बायकोला एकमेकांचे नवरा-बायको करू नका, ते घरचीच भांडणं तिथे काढतात.

३. खुनाचं कारण गोव्याचं हवं

ही पायरी सगळे घाईत उरकतात आणि इथेच खेळ मरतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा मी नेटवरून उचललेला प्लॉट घेतला होता: श्रीमंत म्हातारा मृत्युपत्र बदलणार म्हणून मुलगा त्याला मारतो. टेबलावर माझी एक मैत्रीण होती, ती वकील. ती सूप पिता पितच म्हणाली, "अगो, पण गोव्यात बापाला सगळी इस्टेट हवी त्याला देताच येत नाही, अर्धी तर मुलांना जातेच, मग हा कशाला मारतोय?" बरोबर होतं तिचं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आणि आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात असलेला नियम हाच आहे, फार थोडे अपवाद सोडले तर अर्धा हिस्सा मुलांचा ठरलेला. सगळे हसले, आणि खून व्हायच्या आधीच खुन्याचं कारण गेलं.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला. म्हटलं, घर विकायचंय आणि एक बहीण सही देत नाही, म्हणून भाऊ तिला मारतो. हे तर घरोघरचं आहे ना! तर तीच मैत्रीण (तिला परत का बोलावलं मलाच माहीत नाही) म्हणाली की बहीण मेली तर तिच्या जागी तिची तीन मुलं आणि नवरा येणार, एका सहीच्या चार सह्या झाल्या, हा खुनी आहे की गाढव?

तिसऱ्यांदा आधी तिलाच बसवून प्लॉट केला. तो इथे उघडा करतेय, कारण त्याशिवाय पुढची पायरी समजणार नाही, तुम्ही उचललात तर तुमच्या पाहुण्यांना हा लेख पाठवू नका म्हंजे झालं.

दिवाडीचं वडिलोपार्जित घर. थोरली बहीण लंडनला असते, ती आलीये. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हंजे भावजींनी, थोरलीची खोटी सही करून विक्रीखत आधीच केलंय आणि ॲडव्हान्स खाऊन बसलेत. सोमवारी थोरली सब-रजिस्ट्रारकडे जाऊन कागद बघणार आहे. आज शनिवार. झालं, घाई आली, आणि घाई आली की खून पटतो. खोट्या कागदांनी जमिनी विकायच्या प्रकारांवर सरकारने २०२२ मध्ये एसआयटीच (खास तपास पथक) नेमली होती, त्यामुळे "विक्रीखत" हा शब्द उच्चारला की गोव्यातल्या कुठल्याही टेबलावर समजावून सांगावं लागत नाही, लोक आपणहून आपल्या मामाच्या भाटाची (बागायतीची) गोष्ट काढतात.

एक सावधगिरी. पात्रांना आडनावं देऊ नका. मी एकदा दिलं होतं, नेमकी त्याच आडनावाची तीन घरं त्या वाड्यावर निघाली. "भावजी", "थोरली", "भाटकार" (जमीनदार), "डॉक्टरीण", "लिस्बनचा काका" एवढं पुरतं. आणि गावात खरोखर घडलेला खून तर चुकूनही घेऊ नका, छोटं बेट आहे, प्रत्येक जण कोणाचा तरी कोणीतरी लागतो.

४. पुरावे: प्रत्येक गोष्टीचे तीन

माझा नियम सरळ आहे. पाहुण्यांनी जी गोष्ट ओळखायला हवी तिचे तीन पुरावे ठेवायचे. एक कोणालाच सापडणार नाही, एकाचा लोक भलताच अर्थ लावतील, तिसऱ्यावर गाडी रुळावर येईल. एकच "जबरदस्त" पुरावा ठेवून बसलात तर तो हमखास कोणाच्या तरी ताटाखाली रात्रभर पडून राहतो.

वरच्याच प्लॉटमधला माझा लाडका पुरावा सांगते. विक्रीखतात थोरलीच्या नावापुढे "भारतीय नागरिक" लिहिलंय. पण थोरलीच्या बॅगेत पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तिचे वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे लिस्बनला जन्मनोंद करून तिने तो काढला आणि तिकडचा पासपोर्ट घेतला की इथलं नागरिकत्व जातं. घरात दोघांनाच तिने हे सांगितलं होतं. म्हंजे खोटा कागद करणारा माणूस म्हंजे ज्याला पासपोर्टचं माहीत नव्हतं असा कोणीतरी. हे जेव्हा टेबलावर एकाच्या डोक्यात आलं ना, तो खुर्चीवरून उठलाच, हातातला पाव तसाच, आणि म्हणाला "थांबा थांबा, कोणाकोणाला माहीत होतं ते हात वर करा!" त्या एका क्षणासाठी मी दोन महिने टायपिंग केलं होतं.

दुसरा, वेळेचा. भावजी सांगतात मी जुन्या गोव्याहून साडेसातच्या फेरीने आलो. पण (एक) डॉक्टरणीच्या कार्डावर लिहिलंय की पावणेसातला नार्व्याच्या फेरीत भावजींची स्कूटर तिच्या गाडीपुढे होती. (दोन) लिस्बनच्या काकाच्या कार्डावर आहे की बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसलो असताना मागच्या दाराचा आवाज आला तेव्हा पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों ऐकू येत होता. (तीन) स्वयंपाकघरात भावजींच्या पिशवीत पाव आहेत आणि पोदेर तर संध्याकाळी सातच्या आत वाड्यावरून जातो. म्हंजे हे महाशय पाऊण तास आधीच घरात होते. कशाला? इन्व्हर्टर बंद करून ठेवायला, कारण खून अंधारात व्हायचाय. बघा, फेरी, पोदेर, इन्व्हर्टर, सगळ्या रोजच्या गोष्टी, कोणालाही बोटांच्या ठशांचं ज्ञान लागत नाही.

तिसरा, हत्याराचा: देव्हाऱ्यापुढच्या पितळी मेणबत्ती-स्टँडच्या जोडीतला एक गायब आणि भावजींच्या बाहीवर मेणाचा ठिपका. ठिपका खरंच पाडा, आधीच, घरीच.

आता कार्ड. प्रत्येकाचं एक, त्यात तीनच गोष्टी: तुम्ही कोण, तुम्हाला काय माहीत आहे, आणि तुम्हाला काय लपवायचंय. लपवायचं काहीतरी प्रत्येकाकडे हवंच, निर्दोष माणसाकडेसुद्धा, नैतर पहिल्या दहा मिनिटांत सगळे सगळं सांगून मोकळे होतात. डॉक्टरीण चोरून सिगरेट ओढते, काकाने ज्येष्ठ नागरिक म्हणून दोन पेन्शनी घेतल्यात, असलं काहीही चालतं. कार्ड एका पानाच्या वर नको. मी पहिल्यांदा चार-चार पानं दिली होती, एकाने फेरीत उघडून वाचायला घेतली आणि वाऱ्याने दोन मांडवीत गेली.

आणि लिपीचं विसरू नका! मी सगळी कार्डं मराठीत देवनागरीत छापली आणि दोघा कॅथलिक मित्रांना कोंकणी रोमी लिपीत वाचायची सवय, ते अक्षरं जुळवत बसले, बिचाऱ्यांचा पहिला राऊंड त्यातच गेला. आता ज्याला जी सोयीची त्या लिपीत देते.

खोटं बोलण्याचा नियम: कार्डावर लिहिलेल्या गोष्टीबद्दल खोटं फक्त खुनी बोलू शकतो. बाकीचे टाळू शकतात, विषय बदलू शकतात, "मला बाथरूमला जायचंय" म्हणू शकतात, पण सरळ विचारलं तर खोटं नाही. हे सगळ्यांना मोठ्याने दोनदा सांगा.

५. खुन्याला आधी सांगा, मेलेल्याला काम द्या

खुनी कोण ते त्या माणसाला दोन दिवस आधी फोन करून सांगायचं. पहिल्या वेळी मी सरप्राइज म्हणून पाकिटात ठेवलं होतं, त्याने सगळ्यांसमोर पाकीट उघडलं आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, मीच?"

जो मरतो त्याचं काय? हा प्रश्न कोणी विचारतच नाही आणि मग तो माणूस दोन तास आतल्या खोलीत डास मारत बसतो. माझी थोरली मेल्यावर दहा मिनिटांनी साडी बदलून पोलीस इन्स्पेक्टर होऊन आली. तिला उत्तर माहीत असतं, त्यामुळे लोक भलतीकडे गेले की ती प्रश्न विचारून वळवते. तुमचं निम्मं काम तीच करते.

६. सामान आणि कागद

- पात्रांची कार्डं, जाड कागदावर, प्रत्येकी वेगळ्या पाकिटात, वर नाव
- नकली कागद: विक्रीखत, वन-फोर्टीनचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, पासपोर्टचं पान (सगळ्यांवर ठळक "नाटकासाठी", का ते शेवटी सांगते)
- कोण कधी कुठे होता याचा तक्ता, फक्त तुमच्यासाठी, खिशात
- आरोप लिहायच्या चिठ्ठ्या आणि पेनं, माणसांपेक्षा दोन जास्त
- मेणबत्त्या, काडेपेटी, निदान तीन टॉर्च
- डासांची अगरबत्ती आणि अंगाला लावायचं क्रीम, हे विसरलात तर खुनाची गरज नाही
- प्रथमोपचाराची पेटी, कोणाला कसली ॲलर्जी आहे त्याची यादी
- घर भाड्याचं असेल तर सगळ्यांचे ओळखपत्राचे फोटोकॉपी, आणि घर पर्यटन खात्याकडे रजिस्टर आहे ना ते बुक करतानाच विचारा. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा (खरा, नाटकातला नव्हे) असेल तर घरमालकाला त्याची वेगळी ऑनलाइन नोंद करावी लागते, त्याला आधी कळवा
- एक फोन चालू, चार्ज केलेला, तुमच्याकडे. बाकीचे टोपलीत

रक्ताला मी कोकमाचं आगळ वापरलं. रंग अप्रतिम येतो, वासही छान. पण घरमालकिणीचा पांढरा टेबलक्लॉथ त्यात गेला तो गेलाच. लाल सिमेंटच्या जमिनीवर चालेल, कापडावर नको.

७. शेजाऱ्यांना सांगा. परत सांगा.

दुसऱ्या वेळी मरणारी बहीण इतकी सुंदर किंचाळली की शेजारचे बाब लुंगीवर काठी घेऊन धावत आले आणि त्यांच्या मागे त्यांचा कुत्रा. जमिनीवर बाई पडलीये, लाल ओघळ आहेत, आणि आम्ही नऊ जण ताटं घेऊन बघतोय. त्यांना पाणी देऊन बसवायला अर्धा तास लागला. तिसऱ्या वेळी आदल्या दिवशी जाऊन त्यांना सांगितलं, बेबिंकचा तुकडा दिला, तर ते स्वतःच साक्षीदार म्हणून येऊन बसले आणि मस्त खोटं बोलले.

रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा कायदाच आहे. किंचाळणं साडेआठला उरका.

नकली पिस्तूल वगैरे फेरीतून उघड्यावर नेऊ नका. आणि पुरावे घराच्या बाहेर लपवायचे तर अंगणापर्यंतच. नदीकडे, मानशीकडे (खाडीच्या पाण्याच्या झडपेकडे), खारफुटीत अजिबात नाही. शेजारच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या. फोंड्याच्या बाजूला पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात ती काही हौस म्हणून नाही.

८. जेवण

विष घालायचा मोह होईल, सगळ्यांनाच होतो. जेवणात विष घालू नका. मी पहिल्यांदा म्हाताऱ्याला शाकुती खाऊन मारलं, तर त्यानंतर शाकुतीला कोणी हातच लावेना, नाटक आहे माहीत असून! आणि सकाळपासून राबून जिने ती केली होती त्या मावशी माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

पदार्थ असे ठेवा की एकदम मांडून टाकता येतील, वाढपी फिरत बसला तर जबानी तुटते. आम्ही खतखतें, हुमण, शाकुती, पाव आणि शेवटी बेबिंक असं ठेवतो. दारू कमी. उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन असला तरी पहिल्या राऊंडला सोलकढीच द्या, कारण दुसऱ्या ग्लासानंतर लोक कार्डावरचं विसरतात, चौथ्यानंतर स्वतःच खून कबूल करतात. एकवीसच्या खालच्याला तर गोव्यात दारू नाहीच.

९. प्रत्यक्ष रात्र

सहा-सव्वासहाला सगळे एकाच फेरीने यायला हवेत, तुम्ही धक्क्यावर उभे राहा. पाकिटं फेरीतून उतरल्यावर द्या, फेरीत नाही (वर वाचलंत ना).

साडेसहा ते आठ, बाल्कांवावर ओळखी. हा पहिला राऊंड, यात कोणी मेलेलं नाही, लोक नुसते पात्रात शिरतात. हा वेळ कापू नका. इथे भावजी आणि थोरली यांचं एक छोटं भांडण सगळ्यांसमोर व्हायला हवं, कशावरूनही, माझ्या वेळी आंब्याच्या झाडावरून झालं.

आठ-सव्वाआठला अंधार. आणि आता ऐका: मेन स्विच बंद करायच्या आधी इन्व्हर्टर बघा. दुसऱ्या वेळी मी ऐटीत मेन पाडला, "आणि अचानक..." म्हटलं आणि एका सेकंदात सगळे दिवे परत लागले. बहीण अर्धी पडलेल्या अवस्थेत, भाऊ हातात मेणबत्ती-स्टँड घेऊन उभा. त्यावरूनच पुढे इन्व्हर्टरचा पुरावा सुचला हे वेगळं. अंधार दीड मिनिटापेक्षा जास्त नको, आणि त्या वेळात कोणी जागेवरून हलायचं नाही, पायऱ्या जुन्या असतात.

मग जेवण आणि दुसरा राऊंड एकत्र. इन्स्पेक्टर येतात, विक्रीखत टेबलावर ठेवतात. साधारण पाऊण तास. गाडी अडकली तर पासपोर्ट काढा. गाडी फार जोरात असेल तर पासपोर्ट बेबिंकपर्यंत दाबून ठेवा.

तिसरा राऊंड जेवणानंतर, दोघादोघांनी कोपऱ्यात जाऊन बोलायचं. खरा खेळ हा. इथे तुम्ही काहीही करू नका. प्रॉम्प्टर म्हणून माझी जीभ सारखी वळवळते, पण नाटकात नट अडला तरच बोलायचं असतं, तो विचार करतोय तेव्हा नाही.

शेवटी चिठ्ठ्या: कोणी, का, कसं. तिन्ही लिहायचं, नुसतं नाव नाही. आमच्यात नऊपैकी चौघांनी भावजी लिहिलं, त्यात कारण दोघांचंच बरोबर. हे प्रमाण चांगलं. सगळ्यांना कळलं तर सोपं झालं, कोणालाच नाही कळलं तर चूक तुमची. उलगडा खुन्यानेच करायचा, स्वतःच्या तोंडाने, उभं राहून. आमच्या भावजींनी कबुलीजबाबात नाट्यगीताची एक ओळ घातली, ती स्क्रिप्टमध्ये नव्हती.

१०. सकाळी निघताना

टोपलीतले फोन मोजून परत द्या. मेणाचे डाग, आगळाचे डाग रात्रीच पुसा. पितळी स्टँड जागेवर.

आणि नकली कागद, एकूण एक, मोजून परत घ्या. ते घरीच कॉम्प्युटरवर करा, खरा स्टॅम्पपेपर किंवा सरकारी शिक्का यांची नक्कल कधीच नको, ते नाटकात बसत नाही, गुन्ह्यात बसतं. तिसऱ्या वेळी आमचं विक्रीखत सोफ्याच्या फटीत राहिलं, त्यावर मी "नाटकासाठी" लिहिलं नव्हतं, आणि मंगळवारी ऑफिसात असताना घरमालकांचा फोन आला, आवाज कापत होता: "बाय, आमचें घर कोणें विकलें गो?"